'फोन नको' ही नोंद काय करते?

जाहिरातीचे फोन बंद व्हावेत म्हणून आपण १९०९ वर नंबर नोंदवतो. पण या नोंदीने आपल्या मोबाइलला कुलूप लागत नाही. कॉल सेंटरचा डायलर सुरू होण्याआधी त्यांची यादी या नोंदीशी ताडायची असते व आपला नंबर गाळायचा असतो. डायलरमध्ये कंपनीची स्वतःची 'फोन करू नये' यादीही असते. म्हणून फोन नुसता कापू नका. "माझा नंबर त्या यादीत घाला," असे स्पष्ट सांगा.

ठग मात्र कुठलीच यादी पाहत नाहीत. तेव्हा नोंद केल्यावर येणारा प्रत्येक फोन खरा, असे घरच्या आजी-आजोबांना वाटू देऊ नका. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे मुलांनीच त्यांना समजवावे, ही आमची विनंती.