स्कोअर काय झाला?

व्हायरल तापातून उठून दोन आठवडे झाले होते. मी ऑफिसलाही जायला लागले होते. एका सकाळी ब्रश करताना पेस्टचा फेस गुलाबी दिसला. नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. नव्या सँडल्सची अ‍ॅलर्जी असेल म्हणून लोकल पकडली. संध्याकाळी दंडावर जांभळा डाग! कुठे आपटल्याचं आठवेना. पाठ दुखत होती, पेनकिलर घेणार इतक्यात आई म्हणाली, "अगं, गोळी राहू दे. आधी डॉक्टरांना दाखव."

रिपोर्ट आला : प्लेटलेट्स ९,०००. नॉर्मल असतात दीड ते साडेचार लाख!

सगळ्यांचं एकच निदान, डेंगी. टीममधल्या एकाने तर डब्यातून पपईच्या पानांचा रस आणला. पण डेंगीची टेस्ट निगेटिव्ह होती. डॉक्टर म्हणाल्या, "हा आयटीपी." म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. व्हायरसशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती कधी कधी गफलत करते. तिच्या अँटिबॉडीज आपल्याच प्लेटलेट्सना चिकटतात आणि प्लीहा त्या प्लेटलेट्स शत्रू समजून संपवते.

"मग बाहेरून चढवा ना!"

"त्याही तशाच संपतील. मोठा रक्तस्राव झाला तरच चढवतो."

ही गफलत शोधायला एका डॉक्टरने जीव धोक्यात घातला होता. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये विल्यम हॅरिंग्टन यांनी अशा पेशंटचं रक्त स्वतःला चढवून घेतलं. काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट्स कोसळल्या. दोष रक्तातच फिरतोय, हे कळलं. १९५१ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

मला स्टिरॉइड्स सुरू झाली. चेहरा पुरीसारखा फुगला, झोप उडाली, रात्री दोन वाजता फ्रिज उघडायची सवय लागली. काउंट ८८ हजारांवर गेला. ऑफिसात पेढे वाटले. डोस कमी केला आणि काउंट ४० हजारांवर! त्या दिवशी मी लॅबच्या जिन्यात बसून रडले.

डॉक्टरांनी समजावलं, "लहान मुलांमध्ये हा बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप बरा होतो. मोठ्यांमध्ये रेंगाळू शकतो. पण रोज आकडा बघू नका. रक्त कुठून येतंय का, ते बघा. ४० हजारांवर माणूस नीट जगतो."

ते पटायला वेळ लागला. आता गोळ्या बंद आहेत, काउंट ७० हजारांच्या आसपास असतो. बॉस अजूनही विचारतात, "काय, स्कोअर काय झाला?" मी सांगते, "नॉट आउट, सर."

लक्षात ठेवा : दाबल्यावर न मावळणारे लाल ठिपके, हिरड्या-नाकातून रक्त, न आपटता उठलेले डाग दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटून सीबीसी करा. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. सोबत जोराची डोकेदुखी असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर थेट हॉस्पिटल गाठा.