‘उचल फिटेपर्यंत’ : अजून न घडलेल्या गोष्टीचे व्याकरण

मजुरांच्या मोर्च्यापुढे चालणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहावे आणि इटालियन व्याकरणावर बोलावे, हे पाहून गेवराईकरांच्या भुवया उंचावल्या तर त्यात त्यांचा दोष नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतील कपाटापुढे पुष्कळ झाले. त्या कपाटात आंतोनिओ ग्राम्शी या इटालियन पुढाऱ्याचे चरित्र होते. हा मनुष्य तुरीन विद्यापीठात भाषाशास्त्राचा विद्यार्थी होता; १९१९-२० साली तो त्याच शहरातील कारखान्यांमधील कामगार मंडळांच्या चळवळीत अग्रभागी होता. १९२६ साली मुसोलिनीच्या राजवटीने त्याला पकडले. तुरुंगात त्याने ज्या वह्या लिहिल्या त्यांतील एकोणतिसावी वही, १९३५ सालची, व्याकरणावर आहे. प्रकृती पार ढासळलेली, सुटकेची आशा अंधूक, आणि हा गृहस्थ व्याकरणावर लिहितो! व्याकरणात असे काय आहे, म्हणून आम्ही इटालियन व्याकरणाचे एक पुस्तक मिळविले. ते वाचता वाचता ‘केव्हा’ आणि ‘कोठवर’ सांगणाऱ्या वाक्यांपाशी आम्ही थांबलो, कारण आमचा सारा धंदाच त्या वाक्यांवर चालतो.

प्रथम इटालियनांची रीत पाहू. त्यांच्या क्रियापदाला दोन वेष असतात. घडलेली, घडत असलेली, खात्रीची गोष्ट सांगताना एक वेष. मनातील, इच्छेतील, संशयातील गोष्ट सांगताना दुसरा. या दुसऱ्याला ते ‘कोन्जुन्तीव्हो’ म्हणतात. आपल्या विध्यर्थाचा तो लांबचा भाऊ समजावा. ‘गाडी सुटते’ याला ते ‘इल त्रेनो पार्ते’ म्हणतात. (उदाहरण आगगाडीचे आहे, गेवराईला रेल्वे नसल्यामुळे श्रोत्यांनी तिच्या जागी एस.टी. समजण्यास हरकत नाही.) आता ‘गाडी सुटण्यापूर्वी’ म्हणावयाचे झाले तर ‘प्रीमा के इल त्रेनो पार्ता’ असे म्हणावे लागते. ‘पार्ते’चे ‘पार्ता’ झाले. एक स्वर फिरला, आणि ऐकणाऱ्याला कळले की गाडी अजून सुटलेली नाही, तिचे सुटणे अद्याप मनातच आहे. ‘गाडी सुटल्यानंतर’ म्हणताना मात्र ‘दोपो के’ हे शब्द येतात आणि त्यांच्यामागून नेहमीचा, खात्रीचा वेष येतो. कारण जे होऊन गेले त्याबद्दल संशय कसला? ‘पूर्वी’च्या पाठीमागे संशयाचा वेष आणि ‘नंतर’च्या पाठीमागे खात्रीचा, हा तेथील ठोक नियम आहे. गंमत अशी की गाडी काल खरोखरच सुटून गेलेली असली तरी ‘ती सुटण्यापूर्वी’ म्हणताना संशयाचाच वेष घालावा लागतो. त्या क्षणापुरती ती सुटलेली नव्हती ना!

आमच्या कामाचा शब्द मात्र तिसराच आहे, ‘फिंके’. ‘जोपर्यंत’ आणि ‘तोवर’ या दोहोंचे काम तो करतो. ‘ते पैसे देत नाहीत तोपर्यंत’ याला इटालियन माणूस ‘फिंके नोन पागानो’ म्हणेल किंवा ‘फिंके नोन पागिनो’ म्हणेल. पहिल्यात खात्रीचा वेष आहे, दुसऱ्यात संशयाचा. दोन्ही चालतात. पहिला बोलणारा नुसती हकिगत सांगतो. दुसऱ्याच्या बोलण्यात ‘देतील की नाही कोण जाणे’ हा सूर ऐकू येतो. मजुरांच्या सभेत यांपैकी कोणता वेष वापरावा, हे ज्याने ‘देतो, देतो’ अशी उत्तरे वर्षानुवर्षे ऐकली आहेत त्याला सांगावयास नको.

कोणी म्हणेल की हे परदेशी नखरे आहेत. पण श्रोतेहो, ही रीत आपल्या कानांवरून रोज जाते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीचा कागद उर्दूत होता, आणि ती बोली आजही आपल्या बाजारपेठेत जिवंत आहे. ‘इससे पहले कि गाडी छूटे’ हे वाक्य घ्या. ‘छूटती है’ नाही, ‘छूटेगी’ नाही, ‘छूटे’. हाच तो ‘पार्ता’. ‘जब तक पैसे न मिलें’ म्हणा किंवा ‘जब तक पैसे नहीं मिलते’ म्हणा. हीच ती ‘पागिनो’ आणि ‘पागानो’ची जोडी. म्हणजे जे व्याकरण आम्ही कपाटातल्या पुस्तकातून शोधून काढले, ते आपल्या मोंढ्यातील हमाल बिनपुस्तकाचे बोलत होता.

मग मराठीत काय आहे? दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. तेव्हापासून शाळेत आपण क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे अर्थ शिकत आलो. ‘पाऊस यावा’ हा विध्यर्थ आपल्याजवळ आहे. तरी ‘पूर्वी’च्या जोडीला आपण तो वापरीत नाही. ‘पाऊस यावा याच्या आधी पेरणी उरका’ असे कोणी शेतकरी म्हणत नाही. तो म्हणतो, ‘पाऊस यायच्या आधी’, ‘पाऊस येण्यापूर्वी’. का बरे?

याचे कारण मोठे मौजेचे आहे. इटालियन भाषेत ही कामे उभयान्वयी अव्यये करतात; ती दोन पुरी वाक्ये जोडतात, आणि पुऱ्या वाक्यात क्रियापद आपला वेष घालून येऊ शकते. शाळेच्या पुस्तकातील आपली गौणत्वसूचक अव्यये आठवा: स्वरूपबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक. कालबोधक असा प्रकारच त्यांत नाही. कारण आपल्याकडे काळाचा सांधा बहुधा शब्दयोगी अव्यये करतात, म्हणजे पूर्वी, आधी, नंतर, वर, पर्यंत. शब्दयोगी अव्यय लागावयाचे ते नामाला. तेव्हा क्रियापदाला नामाचे रूप घेऊन, मान वाकवून, त्याच्या दारात यावे लागते. ‘येणे’चे ‘येण्यापूर्वी’, ‘आला’चे ‘आल्यावर’. या वाकण्यात पुरुष जातो, काळ जातो, आणि खात्री आहे की संशय आहे हे सांगणारी खूणही जाते.

म्हणूनच ‘आल्यावर’ हे रूप भूतकाळी दिसत असूनही आपण ते उद्याच्या गोष्टीला बिनदिक्कत लावतो. ‘दसरा झाला की निघायचे’, ‘पाऊस पडल्यावर पेरू’. अजून दसरा व्हावयाचा आहे, पाऊस पडावयाचा आहे, तरी ‘झाला’, ‘पडल्यावर’! बोलण्यात गोष्ट जणू होऊनच गेली. संशय असेल तर मराठी माणूस सांधाच बदलतो आणि ‘पडला तर’ म्हणतो. आता मुकादम किंवा मालक ‘हंगाम संपल्यावर हिशेब करू’ असे म्हणतो तेव्हा त्या ‘संपल्यावर’मध्ये किती खात्री भरलेली वाटते ते पाहा. संपल्यावर म्हणजे दुसऱ्या दिवशी की पुढच्या पोळ्याला, हे त्या शब्दात कोठेच नाही.

‘पर्यंत’ची तऱ्हा आणखी निराळी. ‘येईपर्यंत’, ‘होईपर्यंत’, ‘फिटेपर्यंत’ यांतील ‘येई’, ‘होई’, ‘फिटे’ ही जुनी क्रियापदे आहेत. त्यांनाच ‘ल’ लागून ‘येईल’, ‘होईल’, ‘फिटेल’ झाली. पण ‘पर्यंत’च्या मागे ती गोठून गेली आहेत. मी येईपर्यंत, तू येईपर्यंत, ते येईपर्यंत, सगळे सारखेच. काल मी येईपर्यंत सभा संपली होती, उद्या मी येईपर्यंत थांबा. काल आणि उद्याही सारखेच. आपल्याकडचे जुने लोक ‘येईस्तोवर’ म्हणतात, त्यातही तोच प्रकार. इटालियन माणसाला ‘फिंके’नंतर दोन वेषांतून एक निवडता येतो. आपल्याला निवड नाही. न घडलेली गोष्ट घडेलच की घडणार नाही, याबद्दल ‘होईपर्यंत’ हा शब्द पूर्ण मुका आहे.

‘जोपर्यंत’चे वाक्य तेवढे बोलके आहे, आणि ते आम्हां चळवळवाल्यांचे आवडते. ‘जोपर्यंत मागण्या मान्य होत नाहीत तोपर्यंत कोयता बंद!’ यातील ‘नाहीत’ काढून पाहा. सारा अर्थ फिरतो. ‘जोपर्यंत काम चालू आहे तोपर्यंत’ म्हणजे तितका वेळ. ‘जोपर्यंत काम चालू होत नाही तोपर्यंत’ म्हणजे त्या क्षणापावेतो. इटालियन ‘नोन’ कधी कधी गाळतात, आपल्याला ‘नाही’ गाळता येत नाही. (विध्यर्थ आपण काळाच्या वाक्यात अजिबात वापरीत नाही असे मात्र नव्हे. ‘आम्ही स्टँडवर पोचावे आणि गाडी निघून जावी’ हे काय आहे? तेथे दोन्ही क्रियापदे विध्यर्थी, आणि दोन्ही गोष्टी मात्र हटकून घडणाऱ्या! भाषेला चेष्टा करण्याची सवय असते.)

पण ‘जोपर्यंत’च्या वाक्याला एक पोकळी आहे. न घडलेली गोष्ट घडलीच नाही तर काय, हे ते सांगत नाही. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला. तो संप आकड्याचा होता. सातव्या दिवशी काय करावयाचे हे पहिल्याच दिवशी ठाऊक होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले ते ‘जोपर्यंत’च्या वाक्याने. मागण्या मान्य झाल्या नाहीत, आणि तो संप रीतसर कधी मागेही घेतला गेला नाही. त्या वाक्याला शेवटच आला नाही. गिरण्यांच्या जागी उंच इमारती मात्र आल्या. त्या लढ्याची किंमत कमी करण्याचा आमचा हेतू नाही. ज्याला शेवट लिहिलेला नाही अशा वाक्यावर लाखो संसार उभे होते, एवढेच दाखवावयाचे आहे.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. येथून दरसाल ऊस तोडावयास माणसे जातात. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, निघण्याआधी मुकादमाकडून जी रक्कम घेतात तिला ‘उचल’, आणि कागद झाला तर त्यावर बहुधा एकच वाक्य असते: ‘उचल फिटेपर्यंत काम करून देऊ.’ कधी त्याला जोड असते: ‘उचल फिटत नाही तोपर्यंत दुसऱ्या मुकादमाकडे जाणार नाही.’ खाली अंगठा. अशी कागदे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. वाचणाऱ्याला ‘फिटेपर्यंत’ म्हणजे चैतापर्यंत वाटते, कारण हंगाम तेव्हा संपतो. कागदावर मात्र चैत नाही, हंगाम नाही, तारीख नाही. पाऊस कमी झाला, ऊस थोडा निघाला, बाई आजारी पडली, बैल बसला, तर उचल फिटत नाही. आणि न फिटलेल्या उचलीवर तेच गोठलेले क्रियापद पुढच्या हंगामावर चालू राहते. इटालियन वाक्याने निदान स्वर फिरवून सांगितले असते की बाबा, हे घडेलच असे नाही. आपले वाक्य सांगत नाही. ते आपल्यालाच विचारावे लागते.

वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. कर्जापायी माणसाला कामावर अडकवून ठेवणे आणि त्याला दुसरीकडे काम धरू न देणे, हे त्याने गुन्हा ठरविले आहे. कायद्याला ‘फिटेपर्यंत’ या शब्दातील खड्डा पुरता ठाऊक आहे. अंगठा देणाऱ्याला तो दाखविण्याचे काम आपल्याकडे राहते.

मुकादमाचीही एक बाजू आहे आणि ती लपविण्याचे आम्हांला कारण नाही. त्यानेही कारखान्याकडून पैसे घेऊन कागद केलेला असतो, आणि त्याच्या कागदावरही असेच एक ‘पर्यंत’ असते. टोळी अर्ध्यात पळाली तर तो बुडतो. म्हणून त्याला खुंटा हवा असतो. आमचे म्हणणे एवढेच की खुंट्याला दोरीची लांबी लिहिलेली असावी.

ती कशी लिहावी? कायद्याच्या भाषेत यासाठी जुनी, चांगली सोय आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, ज्याच्या आधारावर आम्ही उमेदवारी केली, कराराबद्दल असे म्हटले होते की मुदत ठरली असेल तर त्या मुदतीपर्यंत, ठरली नसेल तर सह्या झाल्यापासून सहा महिने, आणि त्यानंतरही, करार संपविण्याची लेखी नोटीस दिल्यापासून दोन महिने होईपर्यंत तो बंधनकारक राहील. पाहा, तेथेही ‘होईपर्यंत’ आहे. पण त्याच्या पोटात आकडा आहे, आणि नोटीस देण्याची किल्ली दोघांच्याही हातात आहे. सरकारी कागदावरील ‘पुढील आदेश होईपर्यंत’ याच्याशी ताडून पाहा. तेथे किल्ली एकाच्याच हातात असते, आणि ‘पुढील आदेशा’च्या आशेवर हंगामी म्हणून लागलेली माणसे हंगामी म्हणूनच म्हातारी झालेली आम्हांस ठाऊक आहेत.

म्हणून आम्ही टोळ्यांना असा मजकूर देतो: ‘उचल फिटेपर्यंत अथवा ३१ मार्चपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत.’ ‘जे आधी घडेल’ या तीन शब्दांनी मुक्या क्रियापदाला तोंड फुटते. ‘मार्चपर्यंत’ म्हणजे एकतिसाचा दिवस धरून की सोडून, असा वाद निघतोच. १८९७ च्या साधारण खंड अधिनियमाची रीत अशी की ‘पासून’चा पहिला दिवस सोडावा आणि ‘पर्यंत’चा शेवटचा धरावा, पण तो अधिनियम फडात कोण घेऊन बसतो? त्यापेक्षा ‘३१ मार्च धरून’ असे लिहावे. हिशेबाच्या ओळीत ‘हंगाम संपल्यावर’ नको. ‘१५ एप्रिलपूर्वी, गावी, दोघांसमक्ष’ असे लिहावे. राहिलेल्या बाकीचे काय, हा प्रश्न वेगळ्या ओळीत घ्यावा आणि तेथे ‘फिटेपर्यंत’ हा शब्द पुन्हा येऊ देऊ नये. बाकी रुपयांत लिहावी, ती किती हप्त्यांत द्यावयाची ते लिहावे, आणि ती असतानाही कोयता कोणाकडे न्यावयाचा हे जोडीने ठरवावे, असे स्पष्ट लिहून घ्यावे. कागद दोन प्रती करून एक प्रत जोडीजवळ राहावी; ट्रकमध्ये बसण्यापूर्वी ती वाचून घ्यावी, बसल्यावर नव्हे.