संशोधनाचं क्षेत्र निवडताना

पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी संशोधनाचं क्षेत्र कायमचं ठरवायची घाई नको. त्यातलं रोजचं काम आपल्याला मानवतं का, ते आधी पाहावं. जनुकशास्त्र आवडणं वेगळं आणि फळमाश्यांच्या बाटल्या बदलत, सूक्ष्मदर्शकाखाली नर-माद्या वेगळ्या करत तासन् तास बसणं वेगळं. त्यातही गोडी वाटली तर खुशाल पुढे जावं. हे पारखायला देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती उत्तम. मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावावर जाऊ नका, त्यांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचा. त्यांच्या विद्यार्थ्यांशीही बोला. सर किंवा मॅडम खरंच वेळ देतात का, हे तेच सांगतील. क्षेत्र पुढे बदलताही येतं: जयंत नारळीकर केंब्रिजला गणित शिकून मग विश्वरचनाशास्त्राकडे वळले.