आडनावात उरलेले गाव

ठाण्याहून भिवंडीकडे जाताना कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर लागते. आज तेथे गोदामांच्या रांगा आहेत आणि मालमोटारींची वर्दळ आहे. या गावचा मनुष्य परगावी स्थायिक झाला तर त्यास 'काल्हेरकर' म्हणावे, हे मराठी माणसास शिकवावे लागत नाही. ही साधी रीत एका समाजापुरती मात्र इतिहासाचे साधन होऊन बसली आहे. काल्हेरहून खाडीपलीकडे, ठाण्यात, ज्याचे १८७९ सालचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे, तो बेने इस्राएल या ज्यू लोकांचा समाज.

या समाजाच्या परंपरेनुसार पूर्वजांचे गलबत अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढे वंशज कुलाब्यातील गावोगावी पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' ठरले. घरातली नावे जुन्या करारातली, पण उच्चार मराठी: शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, बन्यामीनचा बनाजी. आडनाव तर सरळ गावाचेच. किहीमचे किहीमकर, चौलचे चेऊलकर, राजपुरीचे राजपूरकर, पेणचे पेणकर. अशी शंभराहून अधिक आडनावे आढळतात.

युरोपात चित्र निराळे होते. ऑस्ट्रियात १७८७ साली आणि नेपोलियनच्या अमलाखाली १८०८ साली ज्यूंनी कायम आडनाव घ्यावे, असा सरकारी हुकूम निघाला. कोकणात हुकूम कोणाचा नव्हता. शेजाऱ्याने ज्या नावाने हाक मारली तेच आडनाव झाले. म्हणूनच या आडनावावरून धर्म ओळखता येत नाही. दिवेकर म्हटले की पुणेकर वाचकास चित्पावन आठवतो. परंतु १७९६ साली मुंबईतील पहिले बेने इस्राएल प्रार्थनामंदिर बांधणारे सामाजी हसाजी हेही दिवेकरच.

हा धागा समाजाने स्वतःच सैल केला. शहरात, इंग्रजी शाळेत आणि सरकारी नोकरीत वडिलांचे नावच आडनावाच्या जागी येऊ लागले. चित्रपटांतील डेव्हिड हे चेऊलकर होते, हे किती प्रेक्षकांस ठाऊक होते? मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस हे राजपूरकर. इंग्रजीत लिहिणारे निस्सिम इझिकेल यांचे घराणे तळकर. ही सोय समजण्याजोगी आहे, पण तिची किंमत गावाने मोजली. 'मोझेस' या नावातून राजपुरी कोणास दिसणार?

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. तेथे १९६२ साली धर्मपीठाने या लोकांच्या विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. आपण ज्यू आहोत हे सिद्ध करण्याची पाळी त्यांच्यावर आली. निदर्शने झाली, आणि १९६४ साली तेथील संसदेने त्यांना इतर ज्यूंच्या बरोबरीचे मानले. कोकणात मात्र त्यांच्या मराठीपणाची चौकशी कधी कोणी केली नव्हती. ते आडनावातच होते. आज डिमोना वा अश्दोद येथे एखाद्या दारावरील पाटीवर हिब्रू अक्षरांत 'पेणकर' असे लिहिलेले असेल, तर त्या घरातील नातवास पेण कोठे आहे हे सांगणारे कोणी घरात उरले आहे काय?