कुणालाच न सांगितलेलं मत

१८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून जाहीर केलं, की लोकसभा बरखास्त होत आहे आणि मार्चमध्ये निवडणूक होईल. ते ऐकून कुणी पेढे वाटत सुटलं नाही. आणीबाणीला एकोणीस महिने होत आले होते. लोकसभेची मुदत खरं तर मार्च १९७६ मध्येच संपायची, पण ती एकेक वर्ष करून दोनदा वाढवून घेतली होती. म्हणजे निवडणूक आणखी वर्षभर सहज टाळता आली असती. मग आत्ताच का? कोण विरोधात आहे ते पाहून ठेवायचं आणि मग एकेकाला उचलायचं, असा तर डाव नाही?

ही शंका बाळगणारी माणसं भित्री होती असं आज घरात बसून म्हणणं सोपं आहे. आणीबाणी उठलेली नव्हती, नुसती सैल केली होती. पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने मोजलेले आकडे पाहिले, तर देशभरात ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली जवळजवळ ३५ हजार माणसं अडकवली गेली होती आणि भारत संरक्षण नियमांखाली पकडलेल्यांची संख्या ७५ हजारांच्या वर होती. महाराष्ट्रात कितीतरी घरांत त्या काळात ‘मिसाबंदी’ हा शब्द नात्यातल्या एखाद्या माणसासारखा वावरत होता. कुणाचे मास्तर आत, कुणाचा मामा आत, कुणाचे शेजारचे वकीलसाहेब आत. समाजवादी नेते मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची कात्री होती. बातमी हवी असेल तर माणसं रात्री आवाज बारीक करून बीबीसी लावत.

त्यातच नसबंदी. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. उत्तर भारतात सक्तीच्या कहाण्या गावोगाव पसरल्या. महाराष्ट्राने तर त्या वर्षी सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच विधिमंडळात मंजूर करून ठेवलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही, एवढंच. शस्त्रक्रियांचे कोटे शिक्षकांच्या आणि तलाठ्यांच्या गळ्यात बांधले जात होते. इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यायला हवी. मतदान केंद्रावर टेबलामागे बसून याद्या तपासतात तेही बहुधा शिक्षकच. काल ‘केस’ शोधत दारात आलेले गुरुजी आज बोटाला शाई लावणार, हे पाहून साध्या मतदाराच्या मनात काय येत असेल?

शिक्का कुठे मारला हे ‘त्यांना’ कळतं का, हा तेव्हाचा खरा प्रश्न होता. मतपत्रिका कागदाची होती, आडोशामागे जाऊन चिन्हापुढे रबरी शिक्का उमटवायचा, घडी घालायची आणि पेटीत टाकायची. मतपत्रिकेवर क्रमांक छापलेला असायचा. तो क्रमांक पाहून शंका येणाऱ्याला वेड्यात काढण्यात अर्थ नव्हता, कारण मागच्या दीड वर्षात त्याने कागदावरच्या नावाचं काय होतं हे पाहिलं होतं. मताचा अधिकारही तेव्हा एकविसाव्या वर्षी मिळायचा. अठराची अट १९८९ मध्ये आली. त्यामुळे आणीबाणीत कॉलेजात असलेली कितीतरी मुलं या निवडणुकीत घोषणा देऊ शकत होती, पण शिक्का मारू शकत नव्हती.

चिन्हंही गमतीची. काँग्रेसचं गाय-वासरू. त्यातली गाय कोण आणि वासरू कोण, याचा विनोद इंदिरा गांधींचा मुलगा संजय याच्या उदयानंतर कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. समोरची आघाडी मात्र तुरुंगातून बाहेर पडता पडता उभी राहिलेली. संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी यांनी मिळून जानेवारीत जनता पक्ष उभा केला, पण नव्या पक्षाला चिन्ह कुठून आणायचं? बहुतेक ठिकाणी लोकदलाचंच चिन्ह घेऊन ते लढले : चक्रात उभा असलेला नांगरधारी शेतकरी. पक्षाचं नाव एक आणि अधिकृत निकालपत्रकात नाव दुसऱ्याच पक्षाचं, असा तो मामला होता.

२ फेब्रुवारीला ‘बाबूजी’ जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले. तिथून हवा बदलू लागली. ६ फेब्रुवारीला दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती आणि त्याच संध्याकाळी दूरदर्शनने ‘बॉबी’ दाखवायचं ठरवलं. ऋषी कपूर-डिंपलचा तो सिनेमा टीव्हीवर फुकट बघायला मिळणं ही त्या काळात मोठीच लूट होती. तरी माणसं मैदानावर गेली, आणि इतकी गेली की ‘बाबूंनी बॉबीला हरवलं’ अशी थट्टा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातच छापून आली. माणसांनी पहिल्यांदाच इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्यासारखे बरेच जण आहेत. सभांची खरी करामत भाषणांपेक्षा याच गोष्टीत होती.

महाराष्ट्रात या सभांना एक वेगळंच माणूस बोलवलं जाऊ लागलं. पु. ल. देशपांडे. आयुष्यभर ज्यांनी मराठी माणसाला हसवलं, ते जनता पक्षाच्या व्यासपीठावर उभे राहिले. त्याआधी डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगून सगळ्या मांडवाला अवघडवून टाकलं होतं. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री! पुढे दुर्गाबाईंनाही अटक झाली. साहित्यिकांनी राजकारणात पडू नये असं एरवी बजावणाऱ्या आपल्या समाजाला त्या वर्षी साहित्यिकांचाच आधार वाटला, यात थोडी गंमत आहे. पुढाऱ्याचं भाषण ऐकताना कोण कोण टिपून घेतंय अशी भीती असते. पु. लं.च्या सभेला मात्र ‘हसायला गेलो होतो’ असं सांगता येत होतं.

मुंबईत मृणाल गोरे उभ्या होत्या. गोरेगावच्या नळाला पाणी यावं म्हणून हंडा मोर्चे काढणारी ‘पाणीवाली बाई’. महागाईविरुद्धच्या लाटणे मोर्चातल्या त्यांच्या सहकारी अहिल्या रांगणेकरही उमेदवार होत्या. या दोघींना मत द्यायला चाळीतल्या बायकांना घटनेतला मूलभूत हक्कांचा भाग वाचावा लागत नव्हता. रॉकेलच्या रांगेत आपल्या शेजारी कोण उभं होतं, ते त्यांना ठाऊक होतं.

मतदान १६ ते २० मार्च असं पाच दिवस चाललं. ६०.५ टक्के मतदारांनी, म्हणजे १९ कोटींहून अधिक माणसांनी मत दिलं. आणि या सगळ्या दिवसांत लोक कमालीचे गप्प होते. ‘कुणाला?’ म्हटलं की ‘बघू’, ‘ज्याचं काम त्याला’, ‘आमचं काय, घरचे सांगतील तसं’. ही उत्तरं बावळटपणाची वाटतात, पण ती बावळटपणाची नव्हती. भीती वाटणाऱ्या माणसाकडे एकच गोष्ट शाबूत उरली होती, आपलं मन, आणि ते उघडं करण्याची त्याला काही घाई नव्हती. आजच्यासारखे एक्झिट पोल असते, तर त्यांचं काय झालं असतं कोण जाणे.

२० मार्चला मोजणी सुरू झाली. रायबरेलीतून इंदिरा गांधी मागे आहेत ही बातमी आकाशवाणीने लगेच द्यायची टाळली. दिल्लीत वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांपुढे लोक रात्रभर फलकांकडे पाहत उभे होते. अखेर राजनारायण ५५,२०२ मतांनी निवडून आल्याचं कळलं. अलाहाबाद उच्च न्यायालयात इंदिराजींविरुद्ध खटला जिंकणारे तेच राजनारायण. २१ मार्चला आणीबाणी उठवण्यात आली. मुझफ्फरपूरमधून जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात असतानाच तीन लाखांहून अधिक मतांनी जिंकले होते. प्रचारात ते स्वतः फिरले नव्हते, फिरत होता बेड्या घातलेला त्यांचा फोटो.

उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. मुंबईतल्या सहाच्या सहा जागाही गेल्या. मृणालताई जिंकल्या आणि ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा घराघरांत पोचली.

पण इथे थोडं थांबायला हवं. सगळा देश एका सुरात आणीबाणीविरुद्ध उठला, ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण खरी नाही. आंध्रात काँग्रेसला ४२ पैकी ४१ जागा मिळाल्या, कर्नाटकात २८ पैकी २६. महाराष्ट्रातही ४८ पैकी २० जागा घेऊन काँग्रेसच सर्वांत मोठा पक्ष ठरली आणि त्यात विदर्भाचा वाटा भला मोठा होता. साताऱ्यातून यशवंतराव निवडून आले. ज्या गावात नसबंदीची गाडी जोरात फिरली नव्हती आणि इंदिराजींच्या वीस कलमी कार्यक्रमात घरासाठी जागा मिळेल अशी आस होती, तिथल्या भूमिहीनाने गाय-वासरावर शिक्का मारला असेल, तर तोही आशेनेच मारला होता. तोही कुणाला न सांगताच. आपण मात्र एकाच बाजूच्या गप्प बसण्याचं कौतुक करतो.

निकालाचे धक्के राज्यातही बसले. ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखले जाणारे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण पायउतार झाले आणि मे महिन्यात वसंतदादा पाटील आले. दिल्लीत २४ मार्चला मोरारजी देसाईंनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. मोहन धारिया आणि मधू दंडवते मंत्री झाले. रेल्वेमंत्री दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या डब्यातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोमची गादी आणायचं ठरवलं. अडीच वर्षांच्या त्या भांडकुदळ सरकारची ही एक गोष्ट पाठीला अजून आठवते.

भांडणं मात्र थांबेनात. सरकार १९७९ मध्ये कोसळलं. जानेवारी १९८० मध्ये पुन्हा रांगा लागल्या, तेव्हा कांद्याचे भाव भडकले होते आणि इंदिरा गांधींच्या प्रचारात तोच कांदा गाजत होता. घरात चिंता बजेटची होती, तुरुंगाची नव्हती. केंद्राबाहेर बोटावरची शाई वाळवत उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारलं, तर उत्तर तेच यायचं : ‘बघू’. या वेळी इंदिराजी रायबरेली आणि मेडक अशा दोन जागांवरून उभ्या होत्या. दोन्हीकडून निवडून आल्या, त्यात रायबरेलीही होती.