उन्हाळ्यातील परसबाग : मेमध्ये बी टोका, जुलैचा घरखर्च हलका करा

लग्नसराई आटोपली की नागपूरच्या कापड बाजारात मंदीचे दिवस सुरू होतात. गांधीबाग असो की इतवारी, जून-जुलैत गिऱ्हाईक कमी आणि उधारीचा तगादा जास्त, हा दरवर्षीचा अनुभव आहे. शिलाईवाले, जरीकाम करणारे, रंगारी, मागावर बसणारे अशा आपल्या कारागीर बंधूंच्या घरात याच दिवसांत रोकड कमी येते. नेमका याच काळात भाजीपाला महाग होतो. उन्हाळी पीक संपत आलेले असते, पावसाळी पीक अजून बाजारात आलेले नसते आणि पावसामुळे वाटेत मालाची नासाडीही होते. घराच्या मागे किंवा अंगणात थोडी जमीन असेल, तर या दोन महिन्यांचा भार काही प्रमाणात हलका करता येतो. मात्र त्यासाठी बी मेच्या उन्हातच मातीत घालावे लागते.

हिशेब साधा आहे. भेंडीला पेरल्यापासून पहिली तोडणी मिळेपर्यंत ४५ ते ५० दिवस लागतात. २० मेच्या सुमारास बी टोकले तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात भेंडी घरात येते. पाऊस नागपुरात साधारण जूनच्या मध्यास पोहोचतो. त्याची वाट पाहून २० जूनला पेरले तर ऑगस्ट उजाडतो आणि महागाईचा बराच काळ निघून जातो. मेमध्ये पेरायचे ते मेमध्ये खाण्यासाठी नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे.

कोणते बी चालेल, कोणते नाही

नागपूरचा उन्हाळा सगळ्या बियांना मानवत नाही. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. पारा ४४-४५ वर जाणे तर नेहमीचेच आहे. दुपारी उघड्या काळ्या मातीचा वरचा थर ५० अंशांच्याही वर सहज तापतो. अशा मातीत पालक, मेथी, मुळा, गाजर, कोबी यांचे बी घालणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे. सांबारही (कोथिंबीर) या दिवसांत नीट उगवत नाही. उगवला तरी लवकर फुलावर जातो. टमाट्याचे रोप वाढते, पण कडक उन्हात फुले गळतात आणि फळ धरत नाही.

याउलट भेंडी, गवार, बरबटी, चवळाई, अंबाडी, लवकी, दोडके, कारले, काकडी आणि ढेमसे यांच्या बियांना गरम जमीन आवडते. ओल टिकली तर थंडीपेक्षा उन्हाळ्यात त्या लवकर उगवतात. चवळाईची भाजी तर २५ ते ३० दिवसांत कापणीला येते. वांगी आणि मिरची यांचे बी मेअखेर सावलीतील लहान वाफ्यात टाकावे. चार-पाच आठवड्यांत रोपे तयार होतात आणि पाऊस स्थिरावल्यावर लावता येतात.

बी घेताना थान घेताना बघतो तसे बघावे. पुडीवर उगवणीची टक्केवारी, तपासणीची तारीख आणि मुदत छापलेली असते. भेंडीच्या बियाण्याला कायद्याने किमान ६५ टक्के उगवण आवश्यक आहे. घरी पारख करायची असेल तर २० बिया ओल्या सुती कापडात गुंडाळून ठेवाव्यात आणि किती मोड येतात ते मोजावे. भेंडीत ‘परभणी क्रांती’ आणि ‘अर्का अनामिका’, गवारीत ‘पुसा नवबहार’ या जुन्या, माहितीतल्या जाती आहेत. त्यांचे बी पुढल्या वर्षासाठी राखून ठेवता येते. संकरित बियाण्याचे तसे होत नाही, ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. लाल-गुलाबी रंग लावलेल्या बियांवर बहुधा औषध असते. त्या मुलांच्या हाती देऊ नयेत आणि टोकल्यावर हात साबणाने धुवावेत.

वाफा, ओल आणि सावली

आठ फूट लांब व सहा फूट रुंद एवढा एक वाफा सुरुवातीला पुरे. जमीन टीचभर खोदून विटांचे तुकडे काढावेत आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये. ते उष्णता वाढवते आणि वाळवीला बोलावते. वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवून त्याला मातीचा काठ करावा. उन्हाळ्यात काठामुळे पाणी आत थांबते. पहिला मोठा पाऊस आला की काठ दोन ठिकाणी फोडावा म्हणजे मुळाशी पाणी साचत नाही.

भेंडीचे बी रात्रभर भिजवावे. कारल्याचे कवच टणक असते, ते २४ तास भिजवावे. आदल्या संध्याकाळी वाफा भरपूर ओला करून दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर बी टोकावे. भेंडी, गवार, बरबटी साधारण एक इंच खोल. चवळाईचे बी बारीक असते, त्यावर मातीचा पातळ थर पुरेसा आहे.

त्यानंतर वाफ्यावर ओले बारदान पसरावे. आपल्याकडील काळी माती उन्हाने वरून कडक होते, तिला भेगा पडतात आणि कोवळा कोंब खालीच अडतो. बारदानाने ती मऊ राहते. बारदान नसेल तर जुने सुती कापड चालेल, पॉलिएस्टर चालणार नाही. सुती धागा हवेतून सुमारे साडेआठ टक्के ओल धरतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. कोंब दिसू लागले की बारदान संध्याकाळी काढावे. भर दुपारी काढल्यास कोंब करपतात. भेंडी चार-सहा दिवसांत दिसते, कारल्याला आठ-दहा दिवस लागू शकतात.

भिंतीच्या सावलीवर विसंबून राहू नये. २६ मेच्या सुमारास, म्हणजे नवतपाच्या दिवसांत, दुपारी सूर्य नागपूरच्या थेट डोक्यावर असतो. त्या वेळी सरळ उभ्या काठीचीही सावली पडत नाही. म्हणून वरून आच्छादन हवे. चार बांबूंवर पाच फूट उंचीवर ५० टक्के सावलीची ग्रीन नेट किंवा विरळ विणीची जुनी सुती साडी बांधावी. गच्च विणीचे कापड खाली गरम हवा कोंडते. वादळ कधीही येते, तेव्हा दोऱ्या पक्क्या असाव्यात. रोपाला चार पाने आली की नेट रोज थोडा जास्त वेळ बाजूला करत आठवडाभरात काढून टाकावी, कारण भेंडीला फळ धरण्यासाठी पूर्ण ऊन लागते.

पाण्याचा हिशेब

एवढ्या वाफ्याला रोज २० ते २५ लिटर, म्हणजे दीड-दोन बादल्या पाणी लागते. ते सकाळी लवकर किंवा मगरिबनंतर द्यावे. रोपांभोवती वाळलेला पालापाचोळा पसरला तर कमी पाण्यातही भागते. २०१९ च्या जुलैत पाऊस लांबला तेव्हा नागपूर महानगरपालिकेला एक दिवसाआड पाणी द्यावे लागले होते. म्हणून पिण्याच्या पाण्यावर बाग उभी करू नये. वजूचे पाणी, तांदूळ व भाजी धुतलेले पाणी एका बादलीत जमा केले तर बरीचशी गरज तेवढ्यावर भागते.

दोन पाणी मात्र वाफ्यात घालू नयेत. एक म्हणजे कूलरच्या टाकीतले जुने पाणी. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. कूलरच्या जाळीवर जमणारा पांढरा थर तोच आहे. कोवळ्या रोपाला ते सोसत नाही. दुसरे म्हणजे रंगकामाचे पाणी. त्यात मीठ, सोडा आणि रंग असतो. भाजीजवळ ते जाऊ देऊ नये. रंगाचे किंवा रसायनाचे जुने डबे कुंड्या म्हणून वापरणेही टाळावे.

लाभ किती

दहा ग्रॅमच्या पुडीत भेंडीच्या दीडशेच्या आसपास बिया असतात. आठ बाय सहाच्या वाफ्यात दीड फूट बाय एक फूट अंतरावर ३२ झाडे बसतात. एका झाडापासून हंगामात २०० ते २५० ग्रॅम भेंडी धरली तर एकूण सहा ते आठ किलो होते, म्हणजे आठवड्याला साधारण एक किलो. कोपऱ्यात लवकीचे दोन वेल लावून मांडवावर किंवा छपरावर चढवावेत. वेल टिनावर पोहोचेपर्यंत पाऊस आलेला असतो, त्यामुळे तो भाजत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रौढ माणसाच्या रोजच्या ताटात फळे सोडून ४०० ग्रॅम भाजी धरली आहे. त्या मानाने एका वाफ्याचे उत्पन्न थोडे आहे. बाजार बंद होईल, असे कोणी समजू नये. पण मंदीच्या आठवड्यात दोन-तीन वेळची भाजी घरून निघाली, तर तेवढी रोकड दूध, औषध किंवा मुलांच्या वह्यांसाठी हाती राहते.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर ते झाड उपटून टाकावे. पांढरी माशी तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. तोडणी एक दिवसाआड करावी. जून झालेली भेंडी झाडावर राहिली तर नवी कमी लागते. शेवटी दोन निरोगी झाडांवरच्या शेंगा मात्र वाळू द्याव्यात, म्हणजे पुढल्या मेसाठी बी घरातच तयार होईल.