डिझेलचा काटा पडतो

शोधाच्या चौकटीत मी रोमन लिपीत ‘बंद’ लिहिलं, एंटर मारला आणि समोर रेडिओ आला. एफएमचा बँड बदलत नाही, बँड लक्षात राहत नाही, अमुक बँडवर खरखर येते. रोमन अक्षरांत आपला ‘बंद’ आणि रेडिओचा ‘बँड’ यांचं स्पेलिंग एकच. मला हवे होते ते बंद पडलेले मीटर, आणि यंत्राने मोठ्या आज्ञाधारकपणे इन्फोटेनमेंटवाल्यांची सगळी दुखणी पुढ्यात आणून ओतली.

चाकण एमआयडीसीत, तळेगाव रस्त्याच्या अंगाला, आमची टेस्ट लॅब आहे. गाडीच्या स्टिअरिंगमागे जी काट्यांची आणि दिव्यांची पाटी असते ती, म्हणजे क्लस्टर, तपासणं हे आमचं काम. लॅबमध्ये टेबलावर अख्खी गाडी उलगडून ठेवलेली असते. गाडी म्हणजे तिच्या वायरी, कंट्रोल युनिटं, एक खोटं इंजिन आणि वीज देणारा पॉवर सप्लाय. बाहेर ट्रायलच्या खऱ्या गाड्या फिरत असतात. टेबलावर किंवा रस्त्यावर काही चुकलं की त्याची नोंद जिरामध्ये होते. ‘बग टाकला’ असं आम्ही म्हणतो. बग टाकणं सोपं असतं, कोणीही टाकतं. टाकलेला परत सापडवणं हा वेगळा धंदा आहे, आणि तो मला शिकायला दीड वर्ष लागलं.

वडील भोसरीत लेथवर होते. त्यांच्याकडे नापास जॉबला लाल टॅग लागायचा आणि तो लाल बिनमध्ये पडायचा. शोधायचं झालं तर बिनमध्ये हात घालायचा. मी त्यांना एकदा आमची पद्धत समजावली, तर म्हणाले, “म्हणजे तुमचं बिन दिसत नाही, एवढंच ना?” एवढंच नव्हतं, पण त्यांना काही खोडून काढता आलं नाही.

या जातीच्या सॉफ्टवेअरचा एक जुना पूर्वज म्हणजे बगझिला. १९९८ साली नेटस्केपच्या लोकांनी तो मोकळा केला. अटलासियन कंपनीतले लोक आधी तोच वापरत. पुढे २००२ साली त्यांनी स्वतःचं सॉफ्टवेअर काढलं आणि नाव ठेवलं जिरा, म्हणजे गॉडझिलाच्या जपानी नावाची, ‘गोजिरा’ची, शेपटी. आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक पोरगा पहिल्या आठवड्यात ‘जिऱ्याची फोडणी’ हा विनोद करतो आणि त्याला वाटतं तो त्यालाच सुचला. २००९ मध्ये जिराला स्वतःची प्रश्नभाषा मिळाली, जेक्यूएल. साध्या शोधात तुम्ही शब्द टाकता. या भाषेत तुम्ही वाक्य रचता: अमक्या बिल्डमधले (म्हणजे सॉफ्टवेअरच्या अमक्या आवृत्तीतले), तमक्या तारखेनंतरचे, अजून न सुटलेले, अमुक माणसाने टाकलेले, सगळ्यात नवे आधी.

त्या दिवशी ‘बंद’ शोधायचं कारण असं. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये रिलीजचा फिल्टर, म्हणजे असंच एक जपून ठेवलेलं वाक्य, पडद्यावर लावला होता आणि त्यात एकही गंभीर बग उरला नव्हता. सगळे खूश. मीटिंग संपवून खाली चहाला गेलो, तिथे ट्रायलच्या गाडीवरचे मामा भेटले. नाव सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण सगळे मामाच म्हणतात. ते म्हणाले, “सर, ते डिझेलच्या काट्याचं काय झालं? तीन वेळा सांगितलं.”

“कुठला काटा, मामा?”

“अहो, सिग्नलला गाडी बंद होते ना आपोआप, मग क्लच दाबला की परत सेल लागतो. त्या वेळी डिझेलचा काटा पडतो. खाली जातो, परत वर येतो.”

मी वर येऊन शोधलं. ‘बंद’ने रेडिओ आणला ते तेव्हाच. ‘डेड’ लिहिलं, काही नाही. ‘ब्लँक’ने दोन नोंदी आल्या, दोन्ही जुन्या, दोन्ही मिटलेल्या. ‘सेल’ लिहिलं तर इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतले सेल आले. आपण स्टार्टरला सेल म्हणतो, सेल मारतो, सेल खातो म्हणतो. बॅटरीवाल्यांचा सेल निराळा. इंग्रजीत लिहिणारे मुळात सेल म्हणतच नाहीत, ते ‘क्रँक’ म्हणतात.

मागच्या टेबलावरून मॅडम बघत होत्या. या लॅबमध्ये सगळ्यात जुन्या त्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, “अरे, शब्द काय शोधतोस? शब्द लिहिणाऱ्याचे असतात. तुला काय माहीत तो कोणत्या गावचा आहे ते.”

मग त्यांनी आधी एक छोटी गोष्ट दाखवली, जी मला या कंपनीत कोणी सांगितली नव्हती. रिलीजच्या फिल्टरमध्ये एक अट होती: ‘तीव्रता किरकोळ नसलेले’. वाचायला निर्दोष. किरकोळ सोडून बाकी सगळे दाखव, हाच अर्थ कोणीही घेईल. पण जेक्यूएल तो अर्थ घेत नाही. ज्या नोंदीत तीव्रतेचा रकानाच रिकामा आहे, ती या अटीत बसत नाही. रिकामं म्हणजे ‘किरकोळ नाही’ असं यंत्र मानत नाही. त्याच्या लेखी रिकाम्याला किंमतच नाही, मग तुलना कशाशी करणार? त्यामुळे रिकाम्या रकान्याच्या नोंदी गुपचूप गळतात. चूक झाल्याचा संदेश येत नाही, लाल अक्षरं येत नाहीत. यादी आखूड होते आणि आखूड यादी मीटिंगमध्ये सगळ्यांना आवडते.

रकाना रिकामा कोण ठेवतं? आमचे इंजिनीअर ठेवत नाहीत, त्यांना फॉर्म अडवतो. मामांसारख्या लोकांचं बोलणं ट्रायलचा सुपरवायझर संध्याकाळी मेलवर लिहितो आणि त्या मेलची आपोआप नोंद होते. तिथे तीव्रता विचारायला कोणी नसतं. म्हणजे रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या माणसाची तक्रारच नेमकी फिल्टरमधून पडत होती. मॅडमनी अटीपुढे ‘किंवा तीव्रता रिकामी आहे’ एवढं जोडलं आणि दोन्हींना कंस घातला. कंस महत्त्वाचा. तो विसरला तर ‘किंवा’ बाकीच्या सगळ्या अटी ओलांडून पळतो आणि कंपनीतल्या सगळ्या प्रोजेक्टांचा कचरा घेऊन येतो.

यादी वाढली, तरी मामांचा काटा लगेच दिसेना. कारण मेल लिहिणाऱ्याने ‘फ्युएल गेज फ्लक्चुएशन’ असं लिहिलं होतं. पडणं आणि फ्लक्चुएशन यांत फरक आहे. फ्लक्चुएशन म्हटलं की डोळ्यांपुढे खड्ड्यात डचमळणारं डिझेल येतं, आणि चाकण-तळेगाव रस्त्यावर ते डचमळणारच. त्यामुळे ज्याने कोणी वाचलं त्याने सोडून दिलं असणार.

इथे थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागतं. जिराच्या शोधामागे वर्षानुवर्षं ल्युसिन नावाचं इंजिन आहे. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी ते सगळ्या नोंदींची सूची करतं आणि तुम्ही विचारलं की मजकूर न वाचता सूची चाळतं. म्हणून ते झटपट आहे. म्हणूनच त्याची एक खोड आहे: शब्दाची सुरुवात देऊन पुढे तारा टाकला तर शोधतं, पण सुरुवातीलाच तारा टाकून शेवट दिला तर ऐकत नाही. शब्दकोशात ‘पा’ने सुरू होणारे शब्द पटकन निघतात, ‘णी’ने संपणारे काढायचे तर अख्खा कोश उलटावा लागतो, तसंच. गाडीतल्या सिग्नलांची नावं लांबलचक आणि एकमेकांना चिकटलेली असतात. मला नेहमी शेपूटच आठवतं.

शिवाय हे इंजिन इंग्रजी शब्दाचे प्रत्यय छाटून बघतं. ‘स्टार्ट’ शोधलं तर ‘स्टार्टिंग’ही देतं. आपल्या रोमन मराठीची छाटणी करायला त्याला कोणी शिकवलेलं नाही. ‘पडतो’, ‘पडला’, ‘पडतोय’ हे त्याला तीन परके पाहुणे.

तर मॅडमनी शब्दच काढून टाकले. कंपोनंटची, म्हणजे बग गाडीच्या कोणत्या भागाचा त्या रकान्याची, अटही काढली. हे मला धाडसाचं वाटलं, कारण आम्हाला शिकवलेलं असतं की आधी कंपोनंट लाव. त्यांनी वाक्य असं रचलं: ज्या गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं त्या व्हेरिएंटच्या, गेल्या सहा आठवड्यांतल्या, नव्या बिल्डवरच्या, कोणत्याही कंपोनंटच्या, सुटलेल्या-न सुटलेल्या सगळ्या नोंदी. मग गाडीच्या क्रमांकाने रांग लावली.

आणि बसून वाचायला लागल्या. या कामात शेवटी वाचावंच लागतं.

एका गाडीचं घड्याळ बाराला परत जातं, ते इन्फोटेनमेंटकडे. एका गाडीत ट्रिप मीटर शून्य होतो. तो क्लस्टरकडे, किरकोळ म्हणून. एकीत कारण नसताना ‘टिंग’ वाजतं. ते बॉडी कंट्रोलवाल्यांकडे, आणि त्यांनी ‘आमच्याकडून सिग्नल जात नाही’ असं लिहून परत पाठवलेलं. एकीत सगळे इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागतात. एकीत डिझेलचा काटा. पाच माणसांनी पाच वेगवेगळ्या गोष्टी पाहिल्या, पाच शब्दांत लिहिल्या आणि पाच खात्यांत टाकल्या. गाडीत पहिली किल्ली फिरवल्यावर काय होतं ते आठवा: दिवे लागतात, टिंग वाजतं, काटे खालून वर येतात. क्लस्टर झोपून परत उठत होता. ज्याची नजर जिथे होती, त्याने तेवढंच लिहिलं.

मग मॅडमनी तारखेची आणि बिल्डची अट काढून एक शेवटची अट टाकली, जिचं मला अजून अप्रूप वाटतं. जेक्यूएलमध्ये ‘आहे’ विचारता येतं तसं ‘होता’ही विचारता येतं. आज कोणत्या स्थितीत आहे हे बाजूला ठेवून, कधीतरी कोणत्या स्थितीत होता ते. सगळ्या रकान्यांना हे चालत नाही. स्थिती, जबाबदार माणूस, प्राधान्य असे मोजकेच. त्यांनी विचारलं: जो कधीतरी ‘पुन्हा उघडलेला’ होता आणि आज बंद आहे. एक नोंद आली. मागच्या वर्षाची. क्लस्टर क्षणभर ब्लँक. बेंचवर तपासलं, दिसलं नाही, बंद. कोणीतरी उघडलं, परत तपासलं, दिसलं नाही, परत बंद.

बेंचवर दिसणारच नव्हतं. टेबलावरच्या गाडीला पॉवर सप्लाय आहे आणि तो साडेतेरा व्होल्टवर ध्यानस्थ बसलेला असतो. खऱ्या गाडीत सेल मारला की स्टार्टर बॅटरीतून इतका करंट ओढतो की बारा व्होल्टची बॅटरी क्षणभर सहा-सात व्होल्टपर्यंत खाली येते. ही नवी माहिती नाही. आयएसओ १६७५०च्या दुसऱ्या भागात हा खड्डा कसा द्यायचा, किती खोल, किती मिलिसेकंद, हे आखून दिलेलं आहे. आमच्याकडे ती चाचणी हार्डवेअरवाले करतात, सॉफ्टवेअरवाले करत नाहीत. मधल्या भिंतीला दार आहे, पण जाणं-येणं कमी. त्यातच नव्या बिल्डमध्ये कोणीतरी वीज कमी झाल्याची दखल घेण्याची मर्यादा बदलली होती.

सोमवारी आम्ही हार्डवेअरवाल्यांचा प्रोग्रॅम होणारा सप्लाय उसना आणला, तो खड्डा वाजवला. काटा पडला. मी तो मोबाईलवर टिपला आणि मामांना दाखवला. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, “हाच.” त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. तळेगाव चौकात कांद्याच्या गाड्या आणि कंटेनर एकत्र अडकले की त्यांना हे दिवसातून पंधरा वेळा फुकट दिसत होतं.

पाचही नोंदी एकीला जोडल्या, बाकीच्या ‘डुप्लिकेट’ केल्या. मला हा शब्द खटकतो. मामांची नोंद डुप्लिकेट कशी? पाचांत पहिली तीच होती. तारखेने रांग लावली तर दिसतं. मी हट्टाने तिलाच मूळ ठेवलं आणि बाकीच्या तिच्याखाली लावल्या. मॅडम हसल्या, पण हरकत घेतली नाही.

त्यानंतर मी एक फिल्टर जपून ठेवलाय. त्यात इंग्रजी शब्दांच्या शेजारी रोमन लिपीतले आपले शब्दही आहेत, ‘किंवा’ने जोडलेले: काटा, पडतो, सेल, अटकतो, उडतो, गुल. ‘बंद’ही आहे, मात्र इन्फोटेनमेंट वगळून. ते वगळताना ‘किंवा कंपोनंट रिकामा’ हे आठवणीने घातलं. दर सोमवारी सकाळी तो मला यादी मेल करतो. बहुतेक वेळा त्यात काही नसतं.

परवा यादीत काही नव्हतं. म्हणून तीव्रता रिकामी असलेल्या नोंदी हाताने चाळल्या. एक होती, आदल्या रात्री खेड घाटातून आलेल्या गाडीची. शीर्षक होतं, ‘मीटर झोपला’. हा शब्द फिल्टरमध्ये नव्हता. मी तो जोडला, आणि चहाला खाली गेलो तेव्हा मामांना विचारलं, अजून काय काय म्हणतात हो तुम्ही लोक?